न ऐकणारा साथीदार

भारतीय संगीतशास्त्रात ज्या ग्रंथाचा आधार आजही घेतला जातो, तो एका हिशेबनिसाने लिहिला. शार्ङ्गदेव हा देवगिरीच्या यादव दरबारात श्रीकरणाधिप होता, म्हणजे राज्याच्या जमाखर्चाच्या दप्तराचा प्रमुख. आजोबा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आले, वडील सोढल यादवांच्या चाकरीत राहिले आणि तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, सिंघण राजाच्या कारकिर्दीत, शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहून पुरा केला. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळच्या रस्त्याला लागले की साधारण 15 किलोमीटरवर जो किल्ला दिसतो, तीच ही देवगिरी, म्हणजे दौलताबाद.

हिशेबनिसाची सवय ग्रंथात लपत नाही. प्रकीर्णक नावाच्या तिसऱ्या अध्यायात तो गायकांची विभागणी करतो. एकट्याने गातो तो एकल, दुसऱ्याला सोबत घेऊन गातो तो यमल आणि ताफा घेऊन गातो तो वृंदगायक. मग ताफ्याची हजेरी घेतो. उत्तम वृंदात 4 मुख्य गायक, 8 सहगायक, 12 गायिका, 4 बासरीवाले आणि 4 मृदंगवाले, म्हणजे 32 माणसे. अगदी कनिष्ठ वृंदालाही 1 मुख्य गायक, 3 सहगायक, 4 गायिका, 2 बासऱ्या आणि 2 मृदंग लागतात. पगारपत्रक तयार असल्यासारखी ही यादी आहे. आजचा कुणी कार्यक्रमाचा ठेकेदार ती वाचून दचकेल, कारण हळदीच्या मांडवात किंवा हॉटेलच्या हिरवळीवर त्याने ज्याला बोलावलेले असते तो एकटाच दुचाकीवरून येतो. सोबत एक माइक, छोटा मिक्सर, दोन स्पीकर आणि मोबाइल. बासरी, मृदंग, कोरस सगळे त्या मोबाइलमध्ये.

माणसे मोजून झाल्यावर शार्ङ्गदेव वृंदाचे सहा गुण सांगतो. मुख्य गायकाच्या मागे जाणे, एकमेकांत मिसळणे, ताल न सोडणे, एकाचे कुठे तुटले तर दुसऱ्याने ते सांभाळून घेणे, तिन्ही सप्तकांत पोहोच असणे आणि आवाजांचा पोत जुळणे. यंत्राच्या साथीने गाणाऱ्याची परीक्षा घ्यायला याहून चांगली फूटपट्टी मला सापडलेली नाही. ताल, पोहोच, मिसळणे, पोत या चार विषयांत यंत्र माणसाला मागे टाकते. सहा गुणांच्या यादीतल्या पहिल्या आणि चौथ्या गुणात, म्हणजे मागे जाण्यात आणि सांभाळून घेण्यात, मात्र त्याला भोपळा, कारण दोन्हींसाठी ऐकावे लागते आणि मोबाइलमधला साथीचा ट्रॅक ऐकत नाही. एकल गायकाची सगळी कारागिरी हे दोन गुण दुसऱ्या कुठल्या तरी वाटेने परत आणण्यात खर्च होते.

वीज येण्याआधी ही अडचण नव्हती असे नाही. तिच्यावरचे उपाय वेगळे होते. एका हातात एकतारी, दुसऱ्या हातात चिपळ्या घेऊन अभंग म्हणणारा माणूस स्वर आणि ताल दोन्ही स्वतःच देतो. तुणतुणे तर एकाच तारेत दोन्ही कामे उरकते. हे साथीदार गायकाच्या हातातच असल्यामुळे त्याच्यापेक्षा पुढे जाऊच शकत नाहीत. श्वास संपला तर हात थांबतो, शब्द आठवेना तर चिपळ्या दोन आवर्तने जास्त वाजतात, ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. शाहिराला श्वासापुरती उसंत हवी असते, म्हणून मागे झीलकरी असतो. शाहिराचा शेवटचा शब्द उचलून तो लांबवायचा, तेवढ्यात शाहीर दम घेतो आणि पुढची ओळ जुळवतो. वारकरी कीर्तनात हेच काम मागे उभे असलेले टाळकरी करतात. एकाचे तुटले तर दुसऱ्याने सांभाळायचे, ते हेच.

यंत्राने पहिल्यांदा कुणाची जागा घेतली हे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. बंगळुरूचे जी. राजनारायण हे इंजिनिअर आणि बासरीवादक. त्यांच्या राडेल या 1979 साली सुरू झालेल्या कंपनीने इलेक्ट्रॉनिक तानपुरा घरोघरी नेला आणि पुढे ‘तालमाला’ हे तबल्याचे यंत्रही आणले. तानपुरा सर्वांत आधी पेटीत गेला याचे कारण उघड आहे. त्याने गायकाच्या मागे जायचेच नसते. गाणारा कितीही वर-खाली जावो, चार तारा त्याच क्रमाने, त्याच शांतपणे छेडल्या गेल्या पाहिजेत. न ऐकणे हा इथे दोष ठरत नाही. स्वतंत्र तबलावादनातला लेहरा असाच. सोळा मात्रांची एक ओळ हार्मोनियमवर पुन्हा पुन्हा, जरासुद्धा न बदलता वाजवायची, म्हणजे तबलजीला समेचा खुंटा मिळतो. हे काम करणारे हार्मोनियमवाले मिळायला अवघड, रियाजाला रोज येणारे तर त्याहून अवघड. प्रसाद उपासनी यांचे ‘आयतबलाप्रो’ आणि त्याच्यासारखी ॲप मोबाइलवर आल्यावर विद्यार्थ्यांची ही अडचण जवळपास संपली.

तरी या सोप्या अदलाबदलीतही काही गळालेच. गुरूच्या मागे तानपुरा घेऊन बसणारा शिष्य फक्त तारा छेडत नसे. मध्येच गुरूने खूण केली की त्याने गळ्याने साथ द्यायची, आलाप उचलून धरायचा, तोवर गुरूला श्वास मिळायचा. ताल-स्वर सांभाळत मैफल आतून बघण्याची ही त्याची शाळा होती. तानपुऱ्याची पेटी आली आणि त्या जागेवरचा माणूस उठला. पेटीला नावे ठेवण्याचे कारण नाही, तिने खेड्यापाड्यांत हजारो गळे सुरात आणले. पण हिशेब मांडायचा तर हीही बाब खर्चाच्या रकान्यात लिहिली पाहिजे.

कराओकेची सुरुवात याहून मजेशीर आहे. जपानमधल्या कोबे शहरात दाइसुके इनोउए नावाचा वादक बारमध्ये गाणाऱ्या गिऱ्हाइकांना साथ करायचा. एका गिऱ्हाइकाला सहलीला जाऊन तिथे गायचे होते, इनोउएला सोबत जाणे जमत नव्हते. तेव्हा त्याने त्या गिऱ्हाइकाच्या गळ्याला झेपेल अशी साथ टेपवर भरून दिली. त्यातून 1971 साली त्याने नाणे टाकून चालणारे यंत्र केले आणि पेटंट काही घेतले नाही. या गोष्टीतला महत्त्वाचा भाग पेटंटचा नव्हे, ‘गळ्याला झेपेल अशी’ हा आहे. पहिला ट्रॅक एका विशिष्ट माणसाचा गळा ओळखून बांधलेला होता. आज आपण जो ट्रॅक डाउनलोड करतो तो कुणाच्याच गळ्याचा नसतो.

आपल्याकडे त्याला ‘मायनस ट्रॅक’ म्हणतात, आणि नव्वदच्या दशकात तो अक्षरशः वजाबाकी करून मिळायचा. स्टिरिओ ध्वनिमुद्रणात गायकाचा आवाज मध्यावर ठेवलेला असतो, म्हणजे डाव्या आणि उजव्या बाजूला सारखाच. डाव्यातून उजवे वजा केले की जे दोन्हींत समान ते शून्य होते आणि गायक गायब होतो. व्हीसीडी प्लेअरवरचे आवाज काढून टाकणारे बटण हेच करायचे. पंचाईत अशी की मध्यावर फक्त गायक नसतो. ढोलकी, बास, ड्रमचा मुख्य ठोकाही तिथेच असतो, तोही गायकाबरोबर जातो. आणि पूर्वीची गाणी मुळात मोनो, दोन्ही बाजू तंतोतंत एक. ‘गीतरामायण’ 1955-56 साली पुणे आकाशवाणीवरून गाजले तेव्हा स्टिरिओचा प्रश्नच नव्हता. अशा मुद्रणाची वजाबाकी केली तर उरते ती निव्वळ शांतता. त्यामुळे जुन्या मराठी गाण्यांचे ट्रॅक कुणी तरी कीबोर्डवर नव्याने वाजवून तयार करायचे, आणि त्यांतले किती तरी मूळ गाण्यापासून जरा दूरच असायचे. डीझर या फ्रेंच कंपनीने 2019 साली ‘स्प्लीटर’ हा प्रोग्राम सर्वांसाठी खुला केला. असे प्रोग्राम वजाबाकी करत नाहीत. आवाज कसा असतो आणि वाद्य कसे असते हे असंख्य नमुन्यांतून शिकून ते दोन्ही वेगळे करतात, म्हणून मोनोवरही चालतात.

ही वजाबाकी अजून मेलेली नाही. ती केबलमध्ये दबा धरून बसते. मांडवात प्रसंग असा घडतो. गायक मोबाइलमधून निघालेली वायर साउंडवाल्याच्या हाती देतो, साउंडवाला ती मिक्सरच्या पहिल्या रिकाम्या भोकात खुपसतो आणि ट्रॅक सुरू होतो. दूरवर कुठे तरी व्हायोलिन ऐकू येतात, हॉलभर घुमणारा प्रतिध्वनी येतो, पण ताल नाही.

‘‘ढोलकी कुठं गेली ओ दादा?’’

‘‘तुमच्या ट्रॅकमधीच नसंल.’’

ढोलकी ट्रॅकमध्ये असते. मोबाइलच्या पिनेच्या टोकावर डावा आवाज असतो आणि त्यामागच्या कड्यावर उजवा. मिक्सरचे बॅलन्स्ड इनपुट मात्र टोक आणि कडे यांतला फरकच पुढे पाठवते, कारण लांब वायरीत शिरलेली खरखर तशीच मारली जाते. दोन्ही तारांवर ती सारखी असते, वजा केली की संपते. बिचाऱ्या मिक्सरच्या लेखी ढोलकीही दोन्ही तारांवर सारखी, म्हणजे खरखरच. उपाय अगदी स्वस्त आहे. एका बाजूला मोबाइलची पिन आणि दुसऱ्या बाजूला दोन वेगळ्या मोनो पिना असलेली केबल घ्यायची आणि डावा-उजवा दोन स्वतंत्र चॅनेलवर लावायचा. हे माहीत असलेला गायक ती केबल स्वतःच्या पिशवीतून काढतो.

सुराचे गणित त्यानंतर. हार्मोनियमच्या भाषेत बोलायचे तर पुरुषांचा गळा साधारण पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास रमतो, स्त्रियांचा काळी चार-काळी पाचच्या. मूळ गाणे ज्या पट्टीत आहे त्या पट्टीत ते आपल्याला जमेलच असे नाही. हार्मोनियमवाल्याला ‘‘काळी एक घ्या’’ म्हटले की काम झाले. टेपच्या काळात ट्रॅकची एक पट्टी उतरवायची तर टेप सुमारे 6 टक्के हळू चालवावी लागे, म्हणजे गाणेही तेवढे रेंगाळायचे. आता सॉफ्टवेअर लय न हलवता पट्टी बदलते. दोन-तीन पट्ट्यांपर्यंत हे खपते. त्यापुढे सारंगी रडवेली होते आणि कोरसमधल्या बायका कार्टूनसारख्या बोलू लागतात. कीबोर्डवर ट्रान्स्पोजचे बटण दाबले तर आणखी एक गंमत होते. सगळी वाद्ये नव्या पट्टीत सरकतात, पण तालाचा चॅनेल जागचा हलत नाही. ढोलकीची शाई जुन्याच सुरात बोलत राहते. पाश्चात्त्य ड्रमचे हे चालून जाते. आपली तबला-ढोलकी षड्जाला लावलेली असते, म्हणून तयार कानाला तिथे खडा लागतो.

संभाजीनगरात ट्रॅकवरचे गाणे आता सगळीकडे आहे. निवृत्त मंडळींचे कराओके गट छोटी सभागृहे घेऊन महिन्याकाठी जमतात. त्यात बँकेतले, विद्युत मंडळातले, शाळेतले लोक हयातभर मनात ठेवलेली गाणी गातात. लग्नाआधीची हळद, वाढदिवस, हॉटेलातली शनिवारची संध्याकाळ ही धंदेवाईक एकल गायकांची बाजारपेठ. 14 जानेवारीला, नामविस्ताराच्या वर्धापनदिनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या प्रवेशद्वारासमोर जो जनसागर लोटतो, तिथली गाणीही ऐकावीत. भीमगीत हा सवाल-जवाबाचा, झील धरण्याचा प्रकार. ढोलकी-हार्मोनियमची पार्टी असली की गायक एखाद्या ओळीवर थांबतो, गर्दी घोषणा देते, ती ओसरेपर्यंत ढोलकी खेळती राहते आणि मग गायक पुन्हा ओळ उचलतो. ट्रॅकवर गाणाऱ्याच्या वाट्याला हे येत नाही. घोषणा सुरू असतानाच अंतरा सुरू होतो. टाळी, हशा, घोषणा, वन्समोअर यांतले काहीच ट्रॅकला कळत नाही. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातले लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये 52 पात्रे एकट्याने उभी करत. हशा किती वेळ चालू द्यायचा आणि कुठे कापायचा यावर त्या प्रयोगाचा डोलारा होता. एकट्याने मंच पेलणाऱ्याची खरी साथ समोरच्या लोकांची असते. ट्रॅक आणि लोक यांच्यात वाद झाला तर गायकाने लोकांची बाजू घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण घ्यायची कशी? पहिली वाट म्हणजे ट्रॅकचे तुकडे करणे. सुरुवातीचे संगीत, मुखडा, मधले संगीत, अंतरा असे वेगळे तुकडे ठेवायचे, प्रत्येकाला फिरत राहण्याची सोय द्यायची आणि पुढचा तुकडा पायातल्या पेडलने सुरू करायचा. घोषणा चालू असेपर्यंत मधला ठेका फिरत राहतो. झीलकरी पायाखाली आला म्हणा. दुसरी वाट कीबोर्डवरच्या ‘स्टाइल’ची. डाव्या हाताने स्वरमेळ धरला की कीबोर्ड त्या मेळाची साथ वाजवतो, हात बदलला की साथ बदलते, एका बटणाने ठेका भरला जातो, दुसऱ्याने शेवट होतो. दादरा, केरवा, भजनी आणि लावणीचा ठेका असलेले कीबोर्ड बाजारात आहेत. इथे साथ गायकाच्या मागे येते, कारण डावा हात त्याचाच असतो. यासाठी मात्र गाताना वाजवता आले पाहिजे. नुसता पेनड्राइव्ह घेऊन फिरणाऱ्याला ही वाट बंद.

तिसरी वाट ऑक्टोपॅडची. रोलंड कंपनीने 1985 साली आठ रबरी चौकोनांचे पहिले यंत्र काढले आणि 1998 साली आलेले त्यांचे एसपीडी-20 तर आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांत, भजनी मंडळांत, वरातीच्या बँजो पार्ट्यांत इतके रुळले की ‘पॅड’ म्हटले की तेच डोळ्यांपुढे येते. त्याला साथीचे यंत्र म्हणणे तितकेसे बरोबर नाही. ते वाद्य आहे, वाजवणारा ऐकतो. दोन माणसे, एक गाणारा आणि एक पॅडवाला, बाकी सगळे ट्रॅकवर, ही जोडी मला आजच्या परिस्थितीत सर्वांत शहाणी वाटते. शार्ङ्गदेवाच्या वर्गवारीत दोन गळ्यांची जोडी यमल. इथे दुसऱ्या गळ्याऐवजी दोन काठ्या आहेत एवढेच.

यंत्रांसोबत एकट्याने वाजवण्याच्या कथेत चरणजित सिंग यांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मुंबईच्या सिनेसंगीतातले हे वादक. त्यांनी रोलंडची तीन यंत्रे (टीआर-808, टीबी-303 आणि ज्युपिटर-8) एकमेकांना जोडली आणि 1982 साली रागांवरच्या दहा धुनी डिस्कोच्या ठोक्यावर वाजवून एचएमव्हीसाठी तबकडी केली. तेव्हा तिच्याकडे कुणी फारसे पाहिले नाही. 2010 साली ती पुन्हा निघाली, आणि युरोपातल्या अ‍ॅसिड हाउस संगीताच्या रसिकांना त्यांच्या संगीताशी असलेले तिचे साम्य पाहून आश्चर्याचा धक्का बसला. सत्तरी ओलांडलेले सिंग परदेशात जाऊन तेच संगीत मंचावर वाजवू लागले. 2015 साली ते गेले. त्यांची यंत्रे तालात ताठ होती, पण वरचा राग हाताने वाजत होता. ताल यंत्राला आणि राग हाताला, अशी ही वाटणी होती.

ट्रॅकसोबत गाताना आपण नक्की काय ऐकतो हा प्रश्न राहतो. मुखड्याआधी आलाप किंवा शेर असेल तर ट्रॅकवर ताल नसतो आणि पहिली मात्रा कुठे पडणार हे गायकाला आधी कळले पाहिजे. जुने सिनेगीत त्यात आणखी नडते. समोरासमोर बसलेल्या वादकांनी ते वाजवलेले असते, लय श्वासाबरोबर किंचित हलते, मोजणीच्या ठोक्यात बसत नाही. यावर साधी युक्ती अशी. ट्रॅकची एक बाजू, समजा उजवी, लोकांसाठी मोनो करून ठेवायची. डाव्या बाजूवर फक्त ‘एक दोन तीन चार’ अशी मोजणी आणि ‘आता अंतरा’ असे स्वतःच्याच आवाजातले इशारे भरायचे. उजवी वायर मिक्सरला, डावी कानातल्या इअरफोनला. लोकांना वाटते गायक अचूक उचलतो. तो उचलतोच, पण आधी कानात कुणी तरी सांगितलेले असते. वायर उलटी लागली तर मात्र सगळा हॉल ‘आता अंतरा’ ऐकतो.

कानात ब्लूटूथ घालू नये. आवाज हवेत सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. शेजारी तीन मीटरवर बसलेल्या तबलजीचा ठोका 9 मिलिसेकंदांनी पोहोचतो आणि कानाला त्याचा त्रास होत नाही. ब्लूटूथमध्ये 200 मिलिसेकंदांचा उशीर सहज होतो. म्हणजे तबलजीला सुमारे 69 मीटरवर, मैदानाच्या पलीकडे बसवल्यासारखेच. बिनतारी माइक चालतो, त्याचे तंत्र वेगळे आणि उशीर नगण्य.

कायद्याचे थोडके सांगतो. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांमुळे उघड्यावरचा लाउडस्पीकर रात्री 10 ते सकाळी 6 बंद, सरकारने वर्षातले काही ठरावीक दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट दिली तर तेवढीच. म्हणून शेवटचे गाणे साडेनऊला उभे करावे, पावणेदहाला नव्हे. दुसरा कायदा 1957 चा कॉपीराइटचा. लग्नाच्या आणि धार्मिक समारंभांना त्यात सूट आहे. तिकीट लावलेल्या कार्यक्रमाला किंवा हॉटेलातल्या गाण्याला ती नाही. ट्रॅक आपण स्वतः वाजवून तयार केला तरी शब्द आणि चाल दुसऱ्याची असते, आणि गीतकार-संगीतकारांच्या वतीने त्याचे मानधन आयपीआरएस ही संस्था गोळा करते. 2012 सालच्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा त्यातला वाटा त्यांना सहजासहजी लिहून देता येत नाही. परवाना आयोजकाने घ्यायचा की गायकाने, हे सुपारी घेतानाच बोलून घेतलेले बरे.

आणि मोबाइल एअरप्लेन मोडवर. हे न केलेल्यांच्या कथा प्रत्येक साउंडवाल्याकडे असतात, बहुतेकांत ऐन अंतऱ्यात वधूपित्याचाच फोन आलेला असतो. ट्रॅक मोबाइलमध्येच साठवलेले हवेत, हॉलच्या नेटवर विसंबून नाही. दुसरी प्रत पेनड्राइव्हवर, तिसरी साउंडवाल्याच्या लॅपटॉपवर. त्याउपर लाईट गेली तर? अनुभवी गायकाच्या यादीत दोन-तीन गाणी अशी असतात ज्यांना ट्रॅक लागतच नाही. एखादा अभंग, एखादी गवळण, एखादे पोवाड्याचे कडवे, टाळ्यांवर चालणारे. तो माइक खाली ठेवतो, दोन पावले पुढे येतो आणि लोकांना ठेका धरायला सांगतो. जनरेटर सुरू व्हायला बहुधा पाच-सात मिनिटे लागतात, तेवढ्यात दोन कडवी आरामात होतात.